मॉडर्निस्ट साहित्यात देव नाही, मग नीती कुठून येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जॉइस, वुल्फ, काफ्का, बेकेट ही मॉडर्निस्ट मंडळी (विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुने साचे मोडून लिहिणारे लेखक) बहुतेक देवधर्म सोडलेली, मग त्यांच्या पुस्तकांत पानोपानी बायबल, पाप, प्रार्थना, चर्च हे कशाला, आणि त्यांची जी काही नीती दिसते ती म्हणजे शेवटी देव वजा केलेला ख्रिस्ती धर्मच ना?

मॉडर्निस्ट साहित्याचा पेपर मी बरीच वर्षं शिकवतोय आणि दर बॅचला कोणीतरी हे विचारतंच. त्यावर दोन रेडिमेड उत्तरं फिरत असतात. पहिलं असं की धर्म गेला आणि त्याची जागा कलेने घेतली. इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने १८८० मध्येच लिहून ठेवलं होतं की आज आपण ज्याला धर्म नि तत्त्वज्ञान म्हणतो त्यातल्या बऱ्याचशाची जागा उद्या कविता घेईल, आणि परीक्षेत हे वाक्य टाकलं की मार्क मिळतात. दुसरं उत्तर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं, जास्त बोचरं, की या इंग्रज लोकांनी देवाला घालवलं आणि म्हणूनच ख्रिस्ती नीतीला आणखी घट्ट मिठी मारली, पाया काढला तरी इमारत उभी राहील असं यांना वाटतं. १८८९ मध्ये छापून आलेल्या पुस्तकात त्याने हे लिहिलं आणि त्यात नाव घेऊन टोमणा मारला तो जॉर्ज एलियटला (ही कादंबरीकार बाई, टी. एस. एलियटशी तिचा संबंध नाही, दर वर्षी कोणीतरी घोळ घालतं म्हणून सांगतो).

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे पण दोन्ही पुस्तक न उघडता देता येतात हीच त्यांची अडचण आहे. माझं म्हणणं असं की या लेखकांना धर्माकडून जे मिळालं ते श्रद्धा नव्हे, आणि नियमांची यादी तर त्याहून नव्हे. मिळाल्या त्या सवयी. स्वतःची झाडाझडती घेण्याची सवय, साध्या कृतीला प्रचंड वजन देण्याची सवय, खोटं बोललो तर आतून काहीतरी बिघडेल ही धास्ती. बुटक्या दाराच्या घरात वाढलेला माणूस पुढे उंच दारातूनही मान खाली घालून जातो, तसलं काहीतरी. फक्त या लेखकांना आपण वाकतोय हे कळत होतं, आणि त्यांचं बरंचसं उत्तम लेखन त्या कळण्यातून आलंय.

आधीची पिढी बघितल्याशिवाय हे नीट दिसत नाही. मेरी ॲन एव्हान्स, म्हणजे नंतरची जॉर्ज एलियट, हिने जानेवारी १८४२ मध्ये वडिलांना सांगितलं की मी चर्चला येणार नाही. घरात मोठा तमाशा झाला आणि काही महिन्यांनी तडजोड झाली की ती चर्चला येईल पण डोक्यात काय विचार करायचा तो तिचा ती करेल. पुढे तिने श्ट्राउसचं येशूचरित्र इंग्रजीत आणलं (१८४६), मग फॉयरबाख आणला (१८५४), म्हणजे जर्मन धर्मचिकित्सेतली दोन मोठी पुस्तकं इंग्लंडमध्ये हिच्या हातून आली. आणि १८७३ मध्ये केंब्रिजच्या एका बागेत फिरताना देव, अमरत्व आणि कर्तव्य या तीन गोष्टींबद्दल ती मायर्स नावाच्या माणसाशी बोलली, त्याने नंतर लिहून ठेवलंय: पहिल्याची कल्पनाच करवत नाही, दुसऱ्यावर विश्वास बसत नाही, पण तिसरं मात्र टाळता येत नाही, पूर्ण बंधनकारक आहे. नीत्शेला चीड आली ती नेमकी याची. वरचे दोन गेल्यावर तिसऱ्याला हुकूम सोडायचा अधिकार दिला कोणी?

लेस्ली स्टीफनचं पण तेच. हा रीतसर दीक्षा घेतलेला पाद्री, केंब्रिजमध्ये शिकवायचा, १८६२ मध्ये प्रार्थना चालवायला नकार देऊन ट्यूटरपद सोडलं, आणि १८७५ मध्ये पाद्रीपण कायद्याने सोडल्याच्या कागदावर सही केली तेव्हा साक्षीदार म्हणून बोलावलं थॉमस हार्डीला. मधे एकदा त्याने लिहिलंय की थोडक्यात सांगायचं तर माझा आता कशावरच विश्वास नाही, पण म्हणून नीतीवरचा विश्वास कमी झालेला नाही, आणि जमलं तर जंटलमन म्हणून जगायचं नि मरायचं. हे 'जंटलमन' लक्षात ठेवा. देव काढल्यावर तिथे आधाराला जे ठेवलं ते एका वर्गाचं सभ्यपण होतं. त्याचं घराणं म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या क्लॅपहॅमच्या इव्हॅन्जेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) गटातलं, आजोबा त्याच गटातले आणि आईचे वडील तर क्लॅपहॅमचेच धर्मगुरू. १८८२ मध्ये या लेस्लीने नीतीला शास्त्राचा पाया द्यायचा प्रयत्न करणारं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी त्याला मुलगी झाली, तीच व्हर्जिनिया वुल्फ.

आता वुल्फचं 'टू द लाइटहाउस' (१९२७) घ्या. पहिल्या भागात मिसेस रॅम्झी संध्याकाळी एकटी बसून मोजा विणतेय, समोर दीपगृहाचा झोत ठरावीक लयीत फिरतोय, आणि त्या लयीत तिच्या डोक्यात तुकडे तुकडे येतायत, हे संपेल, ते येईल, असं, आणि मधेच ती म्हणून जाते की आपण सगळे प्रभूच्या हाती आहोत. म्हणते आणि लगेच स्वतःवर वैतागते. हे कोण बोललं? मी नाही. मला मान्य नसलेलं वाक्य माझ्याकडून वदवून घेतलं गेलं. मग ती विचार करते की असलं जग कुठला प्रभू बनवेल, तिच्या बुद्धीला कायमच माहीत होतं की इथे ना व्यवस्था ना न्याय, आहे ते दुःख, मरण आणि गरीब लोक.

वर्गात मी या पानावर बराच वेळ थांबतो. कारण हा विचार चालू असताना तिच्या हातातलं विणकाम थांबलेलं नाही आणि तो मोजा तिच्या पोरांचा नाही, दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलाचा आहे, त्याला हाडाचा क्षय आहे. म्हणजे एकाच परिच्छेदात तोंडातून वारशाने आलेलं वाक्य निसटतं, बुद्धी ते नाकारते, आणि हात ओळखीपाळखीच्या पलीकडल्या एका पोरासाठी काम करत राहतात. वाक्य खोटं ठरलं म्हणून काम खोटं ठरत नाही. वुल्फ यावर एक शब्दही भाष्य करत नाही, बरं का. जॉर्ज एलियट असती तर इथे निवेदकाने येऊन सहानुभूतीचं महत्त्व सांगितलं असतं, दोन पानं तरी. आणि पुढे दुसऱ्या भागात मिसेस रॅम्झीचा मृत्यू एका कंसात उरकलाय, म्हणजे चांगुलपणाचं फळ वगैरे विषयच नाही.

याच कादंबरीच्या शेवटी मिस्टर रॅम्झी, ज्याच्यात लेस्ली स्टीफन भरपूर आहे, दीपगृहाशी पोचल्यावर होडीच्या टोकाशी ताठ उभा राहतो, जणू काही 'देव नाही' असं म्हणत असल्यासारखा, आणि हातात रखवालदाराच्या घरासाठी आणलेलं पार्सल घेऊन तरुण पोरासारखी खडकावर उडी मारतो. तिकडे किनाऱ्यावर चित्र काढत असलेली लिली ब्रिस्को म्हणते, तो उतरला, पूर्ण झालं. हे 'पूर्ण झालं' म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातलं क्रूसावरच्या येशूचं अखेरचं बोलणं, इंग्रजी वाचकाच्या कानात ते वाजणारच. एकीकडे नास्तिकाची उडी, दुसरीकडे क्रूसावरचं वाक्य, आणि मध्ये नुसतं एक पार्सल पोचवायचं काम, तेही मेलेल्या बायकोच्या मनातलं, दहा वर्षं उशिरा. विद्यार्थी विचारतात की मग हे धार्मिक आहे की सेक्युलर. मी म्हणतो, ते वाक्य आता कोणाच्या कामी येतंय ते बघा.

'मिसेस डॅलोवे' (१९२५) मध्ये तर हे उघडच लिहिलंय. पीटर वॉल्श हा जुना मित्र क्लॅरिसाबद्दल, म्हणजे मिसेस डॅलोवेबद्दल, विचार करतो की तिच्या बहिणीचा अंगावर झाड पडून डोळ्यांदेखत मृत्यू झाला, त्यानंतर तिने ठरवून टाकलं की देवबिव काही नाहीत, दोष कोणाचाच नाही, आणि मग तिने स्वतःपुरता नास्तिकाचा धर्म बनवला, चांगुलपणासाठी चांगलं वागायचं, एवढाच. हे वाक्य लोक वुल्फचा जाहीरनामा म्हणून कोट करतात पण सावकाश घ्या, ते पीटरचं मत आहे, आणि कादंबरी क्लॅरिसाला अजिबात सोडत नाही. ती स्नॉब आहे, मिस किलमन या गरीब धार्मिक बाईचा ती मनापासून द्वेष करते, वर तिला तो द्वेष आवडतोही. त्यातच सर विल्यम ब्रॅडशॉ नावाचा मानसोपचाराचा डॉक्टर आहे, एकदम सेक्युलर, विज्ञाननिष्ठ, आणि त्याच्या 'प्रमाणबद्धते'ला वुल्फ चक्क देवी म्हणते, जिची एक बहीण आहे, धर्मांतर, दुसऱ्याच्या मनावर स्वतःचा शिक्का उठवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. म्हणजे वुल्फचा आक्षेप देव मानण्यापेक्षा दुसऱ्याला आपल्यासारखं करून सोडण्याच्या हट्टावर जास्त आहे, आणि तो हट्ट देव नसला तरी छान चालू राहतो.

तरी ती स्वतः या बाबतीत उदार होती असं नका समजू. टी. एस. एलियटने १९२७ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिने बहिणीला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, की बिचारा टॉम आता आपल्यासाठी मेल्यातच जमा, आणि जिवंत माणसाने शेकोटीपाशी बसून देवावर विश्वास ठेवणं यात काहीतरी अश्लील आहे. असं लिहिणाऱ्या बाईला १९०९ मध्ये २५०० पौंड ठेवून गेली ती तिची क्वेकर या ख्रिस्ती पंथातली आत्या. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचं पण तसंच, क्लॅपहॅमच्या थॉर्नटन घराण्यातल्या आजीच्या बहिणीने ठेवलेल्या ८००० पौंडांवर त्याचं केंब्रिज आणि सुरुवातीचं लेखन निभावलं. धार्मिक वारसा म्हणताना आपण नुसतं विचारांचं बोलतो, पण या मंडळींची स्वतंत्र विचार करण्याची मोकळीक बऱ्याच अंशी धार्मिक नातेवाइकांच्या पैशावर उभी होती.

जॉइसकडे येऊ. 'पोर्ट्रेट'च्या (१९१६) शेवटच्या प्रकरणात कादंबरीचा नायक स्टीफन डेडलस आणि त्याचा मित्र क्रॅनली यांचा लांबलचक संवाद आहे. आईची इच्छा आहे की पोराने ईस्टरला कम्युनियन (चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर मानून दिला जाणारा प्रसाद) घ्यावं, पोरगा नाही म्हणतो. क्रॅनली विचारतो, तुझा विश्वास आहे का त्यावर? नाही. मग अविश्वास आहे का? तोही नाही. तेव्हा क्रॅनली म्हणतो, गंमतच आहे, ज्या धर्मावर तुझा विश्वास नाही म्हणतोस त्यानेच तुझं डोकं काठोकाठ भरलंय. हे वाक्य सगळे कोट करतात. पण नीतीच्या बाजूने महत्त्वाचं पुढे आहे. क्रॅनलीचा मुद्दा पूर्ण सेक्युलर आहे, की बाबा रे, या घाणेरड्या जगात बाकी कशाची खात्री नसली तरी आईच्या मायेची आहे, तर तिच्यासाठी एक औपचारिक कृती करून टाकायला तुझं काय जातं? आणि स्टीफनचं उत्तर बघा, तो म्हणतो ज्या प्रतीकामागे वीस शतकांची सत्ता आणि भक्ती साठलीय त्याला खोटा नमस्कार केला तर माझ्या आत्म्यात जी रासायनिक प्रक्रिया होईल तिची मला भीती वाटते.

म्हणजे कम्युनियनला खऱ्या अर्थाने घाबरणारा या दोघांत कोण, तर न मानणारा. जॉर्ज एलियटने वडिलांसाठी तडजोड केली, कारण तिच्या दृष्टीने चर्चमध्ये जाऊन बसण्यात खोटेपणा असला तरी माणसाचं मन राखणं मोठं. स्टीफन ती तडजोड करत नाही. जेझुइटांनी, म्हणजे त्याच्या शाळेतल्या कॅथलिक धर्मगुरूंनी, शिकवलेली आत्मपरीक्षणाची शिस्त तो जेझुइटांच्या धर्मावरच उलटवतो आणि त्याची किंमत आई भरते. 'युलिसिस'मध्ये (१९२२) आई मेलेली आहे, मरताना तिने गुडघे टेकून प्रार्थना कर म्हटलं आणि याने केली नाही, आणि ते भूत १६ जून १९०४ चा अख्खा दिवस त्याच्या मागे फिरतं. जॉइस इथे कोण बरोबर ते सांगतच नाही. प्रामाणिकपणा ही नवी नीती आणि दया ही जुनी, दोघी एकमेकींच्या समोर उभ्या केल्यात आणि स्टीफन त्यात पास झालाय असं मला तरी कधी वाटलं नाही.

जॉइसचं खरं उत्तर स्टीफनकडे नाहीच, ब्लूमकडे आहे. लिओपोल्ड ब्लूम, बाप ज्यू, स्वतः बाप्तिस्मा झालेला, आणि दोन्हीकडचा नीट नाही. आठव्या प्रकरणात तो एका आंधळ्या तरुणाला रस्ता पार करून देतो. त्याच्या कोपराला हळूच स्पर्श करतो, मग हात धरतो, आणि मनात म्हणतो काहीतरी बोलायला हवं, पण उपकार केल्यासारखं नको, साधंच काहीतरी बोल. आणि म्हणतो, पाऊस काही आला नाही. समोरून उत्तर नाही. एवढंच. हा बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाचा (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा) दाखलाच आहे, पण त्यातलं कर्मफळ, उपदेश सगळं काढून टाकून नुसती एक अडचणलेली अदब उरलीय. सोळाव्या प्रकरणात तर जॉइस पहिल्याच वाक्यात ब्लूमने स्टीफनला 'शोमरोनी पद्धतीने' झटकूनबिटकून उभं केल्याचं लिहून स्वतःच्याच उपमेची टिंगल करतो.

पण सगळ्यात कसदार आहे बारावं प्रकरण, दारूच्या गुत्त्यातलं. ब्लूम तिथे आलाय तो दिवसभरात पुरलेल्या डिग्नमच्या विधवेच्या विम्याचं काम निस्तरायला, मार्टिन कनिंगहॅमची वाट बघत. वाद पेटतो, देश, वंश, ज्यू, आणि ब्लूम म्हणून बसतो की जोर, द्वेष, इतिहास हे काही जगणं नव्हे, खरं जगणं त्याच्या बरोबर उलट आहे. काय? कोणीतरी विचारतो. प्रेम, म्हणजे द्वेषाच्या उलट ते, असं म्हणतो आणि लगेच मार्टिन आलाय का बघून येतो म्हणून निघून जातो. मागे सगळे त्याची खिल्ली उडवतात, परराष्ट्रीयांसाठी नवा प्रेषित आला म्हणतात, आणि खुद्द मजकूरही प्रेम प्रेमावर प्रेम करतं असली बाष्कळ बडबड सुरू करून त्याची चेष्टा करतो. परत आल्यावर भांडण वाढतं, ब्लूम ओरडतो की तुमचा ख्रिस्त पण ज्यू होता माझ्यासारखाच, आणि 'सिटिझन' नावाचा तो कडवा देशभक्त म्हणतो, येशूची शपथ, पवित्र नाव घेतलं म्हणून याला क्रूसावर चढवतो, आणि बिस्किटाचा डबा फेकून मारतो.

इथे कोण धार्मिक आणि कोण सेक्युलर ते तुम्हीच ठरवा. मला यात पटतं ते हे की जॉइस 'प्रेम' या जुन्या आज्ञेला कुठलंच संरक्षण देत नाही. बोलणारा माणूस जरा हास्यास्पद, शब्द अडखळलेले, निवेदक वसुली एजंट, त्याला सगळ्यांचं वाईटच दिसतं, आणि वर मजकूरच चेष्टा करतो. एवढं सगळं होऊन ते वाक्य उरतं का? माझ्या मते उरतं, कारण त्यामागे दिवसभरातल्या कृती आहेत, विधवेसाठी मांडलेले पाच शिलिंग आहेत, विम्याचं काम आहे. पूर्वी वाक्याला आधार देवाचा होता, इथे वाक्याला आधार खटपटीचा आहे.

काफ्काची गोष्ट वेगळी, म्हणून त्याला या यादीत सरसकट घालू नका. जॉइसला धर्म खचाखच भरून मिळाला, काफ्काला रिकामं खोकं मिळालं. नोव्हेंबर १९१९ मध्ये वडिलांना लिहिलेल्या (आणि त्यांच्या हाती कधीच न पडलेल्या) पत्रात त्याची तक्रार हीच आहे की तुम्ही वर्षातून चार दिवस सिनॅगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) जायचात, मन नसताना, आणि त्यातून मला ज्यू धर्म म्हणून जे दिलंत ते काहीच नव्हतं. १९१८ च्या एका टिपणात तो म्हणतो की डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दला निदान ख्रिस्ती धर्माच्या सैल पडलेल्या हाताने आयुष्यात आणलं, ज्यूंच्या स्वतंत्र भूमीसाठी झटणाऱ्या झायोनिस्टांनी उडून चाललेल्या प्रार्थनेच्या शालीचं टोक तरी पकडलं, मला दोन्ही नाही, मी शेवट आहे किंवा सुरुवात.

त्यामुळे 'द ट्रायल'मध्ये (लिहिलं १९१४-१५, छापलं १९२५) आज्ञा आहे, अपराध आहे, पुजारी आहे, फक्त देणारा कोणी दिसत नाही. कॅथेड्रलच्या प्रकरणात तुरुंगाचा धर्मगुरू जोसेफ के. ला कायद्याच्या दाराशी ताटकळलेल्या माणसाची गोष्ट सांगतो आणि मग दोघं तिच्यावर अगदी शास्त्री पंडितांसारखा अर्थ लावत बसतात, हा अर्थ, तो अर्थ, अमक्याचं मत, तमक्याचं मत. शेवटी गुरू म्हणतो, सगळं खरं मानायची गरज नाही, फक्त आवश्यक मानायचं. के. म्हणतो, उदास करणारा विचार आहे, खोटेपणाच जगाचा नियम होऊन बसतो. एका शतकापूर्वीची ही ओळ कुठल्याही सरकारी कारकुनाला तोंडपाठ असावी अशी आहे. सत्य निघून गेल्यावर मागे नुसती आवश्यकता उरली तर काय होतं हे काफ्काने दाखवलं, आणि कर्तव्य 'पूर्ण बंधनकारक' म्हणणाऱ्या जॉर्ज एलियटला मिळालेलं हे सगळ्यात भयंकर उत्तर आहे, नीत्शेपेक्षाही.

टी. एस. एलियटबद्दल आपल्याकडे 'दत्त, दयध्वम्, दाम्यत' मुळे जरा जास्तच कौतुक असतं. हार्वर्डला तो संस्कृत शिकला होता, ते खरं. बृहदारण्यकातली ती गोष्ट: प्रजापतीने देव, माणसं आणि असुर तिघांना फक्त 'द' एवढाच उपदेश केला, देवांनी ऐकलं दाम्यत, माणसांनी दत्त, असुरांनी दयध्वम्, ज्याला जे कमी त्याने ते ऐकलं. 'वेस्ट लँड' (१९२२) या कवितेत एलियटने क्रम बदलून माणसांची आज्ञा पुढे घेतली, आणि प्रत्येक आज्ञेला जे उत्तर दिलंय ते वाचा. दत्त, तर आपण काय दिलं? एका क्षणाचं झोकून देणं, जे आपल्या मृत्युलेखात सापडणार नाही, वकिलाने उघडलेल्या सीलबंद कागदांतही नाही. दयध्वम्, तर प्रत्येक जण आपापल्या कोठडीत किल्लीचा विचार करतोय. दाम्यत, तर तुझं मन आनंदाने साथ देतं, बोलावलं असतं तर. तिन्ही ठिकाणी आज्ञा पूर्ण आणि माणसाचं उत्तर अर्धवट. मला हा एलियट नंतरच्या श्रद्धाळू एलियटपेक्षा नैतिकदृष्ट्या जास्त जागा वाटतो. कारण श्रद्धा मिळाली म्हणजे नीती आपोआप सुधारते असं नाही याचा पुरावा त्यानेच दिलाय, १९३४ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत तो म्हणतो की चांगल्या समाजात मुक्त विचारांचे ज्यू फार संख्येने असणं इष्ट नाही. ते पुस्तक त्याने पुन्हा छापू दिलं नाही, पण लिहिलं ते लिहिलंच. गुत्त्यातला सिटिझन आणि हा, अंतर फार नाही.

ब्लूम्सबरीच्या, म्हणजे वुल्फ, फॉर्स्टर, केन्स यांच्या लंडनमधल्या मित्रगटाच्या, नीतीवर थोडक्यात. तत्त्वज्ञ जी. ई. मूरचं नीतिशास्त्रावरचं १९०३ चं पुस्तक या मंडळींचं बायबल, माणसांची सोबत आणि सुंदर गोष्टींचा आस्वाद या सर्वांत मोलाच्या गोष्टी. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३८ मध्ये मित्रांपुढे वाचलेल्या आठवणीत कबूल केलं की आम्ही मूरचा धर्म घेतला आणि नीती टाकून दिली. त्याच वर्षी फॉर्स्टरने आपलं प्रसिद्ध विधान केलं की देश आणि मित्र यांत एकाशी दगा करायची वेळ आली तर देशाशी करण्याची हिंमत माझ्यात असावी, आणि बायबलमधल्या 'माझ्या अविश्वासाला हात दे' या विनवणीला उलटं फिरवून प्रभो, माझा विश्वास नाही, माझ्या अविश्वासालाच बळ दे असं म्हटलं. चटपटीत आहे, पण हिटलरच्या सावलीत लिहिलंय हे विसरलात तर नुसतं चटपटीत वाटेल.

राहिला बेकेट. 'गोदो' हे नाटक (पहिला प्रयोग पॅरिस, जानेवारी १९५३) सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, गोदोची वाट बघत बसलेल्या दोघांपैकी व्लादिमीरला येशूबरोबर क्रूसावर चढवलेल्या दोन चोरांची काळजी पडते, एक तरला म्हणतात, पण चारपैकी एकच शुभवर्तमान तसं सांगतं, मग लोक त्याच्यावरच विश्वास का ठेवतात? (त्याचा बाकीच्या तिघांचा हिशोब बरोबर नाही, पण तरलेला चोर फक्त लूककडे आहे एवढं खरं.) दुसऱ्या अंकात पोझो नावाचा वाटसरू पडतो आणि मदतीसाठी हाका मारतो. तेव्हा व्लादिमीर जे भाषण ठोकतो ते विसाव्या शतकातल्या सेक्युलर नीतीचं सर्वात सुंदर निवेदन आहे: ही हाक सगळ्या मानवजातीला आहे, पण या जागी, या क्षणी, मानवजात म्हणजे आपण दोघं, आवडो न आवडो. आणि हे बोलण्यात वेळ जातोय, पोझो अजून जमिनीवरच आहे. शेवटी उचलायला जातो तर हाही पडतो. प्रेक्षक हसतात आणि हसायलाच पाहिजे.

आता नीत्शेचा प्रश्न, पाया नाही तर इमारत कशी. माझं मत विचाराल तर मॉडर्निस्टांनी पाया शोधून काढला नाही, आणि ते लबाडी न करता मान्य केलं. व्हिक्टोरियन लोकांना कर्तव्य पूर्वीइतकंच भक्कम आहे असं दाखवायचं होतं, म्हणून लेस्ली स्टीफनला नीतीचं शास्त्र लिहावं लागलं. वुल्फला तशी गरज वाटली नाही. मिसेस रॅम्झी मोजा का विणते याचं समर्थन कुठेही नाही. ब्लूमच्या प्रेमाला सिद्धांत नाही. नीती आहे ती साक्षीदार नसलेल्या, नोंद न होणाऱ्या, बऱ्याचदा फसणाऱ्या कृतींत आहे. 'देव वजा केलेला ख्रिस्ती धर्म' यावर माझा आक्षेप एवढाच की वजाबाकीनंतर उरलेलं तसंच राहत नाही. वर कोणी बघतंय म्हणून केलेली दया आणि कोणीच बघत नाही हे माहीत असून केलेली दया बाहेरून सारखी दिसते पण कादंबरी ती आतून दाखवते, तिथे फरक दिसतो. हा फरक चांगल्यासाठीच आहे असंही नाही. ख्रिस्ती दयेच्या मागे संस्था होती, क्लॅपहॅमवाल्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कायदा करून घेतला. ब्लूमची दया त्याच्या दोन हातांएवढीच. सेक्युलर नीती जेव्हा संस्था झाली तेव्हा ती कधी कधी ब्रॅडशॉ झाली, हे वुल्फनेच लिहून ठेवलंय, तेव्हा नास्तिक वाचकांनी फार खूश होऊ नये.

विषय सेमिनारला घ्यायचा असेल तर सगळं वाचत बसू नका. 'युलिसिस'चं बारावं प्रकरण आणि आठव्याची शेवटची काही पानं, 'लाइटहाउस'च्या पहिल्या भागातलं अकरावं प्रकरण आणि शेवटची दोन-तीन पानं, 'पोर्ट्रेट'मधला क्रॅनलीचा संवाद, 'ट्रायल'चं कॅथेड्रल, एवढं पुरे. आणि वाचताना बायबलचे संदर्भ कुठे कुठे आहेत याची यादी करू नका, ती टीपा असलेल्या कुठल्याही आवृत्तीत तयार मिळते. प्रत्येक संदर्भापाशी एवढंच लिहा की ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे, त्याला ते पटतं का, आणि त्या वेळी त्याचे हात काय करतायत.